काळी सही निळी करताना

अध्यक्षांनी मला पाऊण तास दिला होता, त्यातला बराचसा माझी ओळख करून देण्यात त्यांनीच खर्च केला. असो. विषय फळ्यावर लिहिलाय, 'स्कॅन केलेल्या सहीचा रंग बदलणे'. तो वाचून पुढच्या रांगेतल्या बँकेतून निवृत्त झालेल्या मंडळींच्या कपाळावर आठ्या पडलेल्या मला दिसतायत. घाबरू नका. कुणाची सही ठोकायला मी शिकवणार नाही. बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे आणि ते मला अजून चालवायचंय.

आपल्याकडे निळ्या सहीचा सोस फार. झेरॉक्स मशीन काळंपांढरं होतं तोवर त्याला अर्थ होता. सही निळी दिसली की कागद मूळचा, काळी दिसली की नक्कल. आता गल्लोगल्ली कलर प्रिंटर आहेत, तरी सोस तसाच.

गणपतीतली गोष्ट. आमच्या भागातल्या मंडळाची वक्तृत्व स्पर्धा झाली, प्रमाणपत्रं माझ्याकडे आली. मंडळाचे काका तेव्हा पुण्याला मुलाकडे. त्यांनी कोऱ्या कागदावर काळ्या जेल पेननं सही केली आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, 'छाप रे बाबा.' फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला, अर्ध्या कागदावर त्यांच्याच हाताची सावली. मी साफसूफ करून छापली. वाटप झालं आणि दुसऱ्या दिवशी एक पालक दुकानात हजर. प्रमाणपत्र काउंटरवर ठेवलं, अंगठा जिभेला लावला आणि सहीवर घासला. शाई हलली नाही. "बघा, माझ्या पोरीला झेरॉक्स दिलाय!" मी म्हटलं, अहो दादा, वर गणपतीपण छापलेलाच आहे, तो नाही घासलात? म्हणाले, "तो चालतोय की हो. सही निळी पाहिजे." (हशा) संध्याकाळपर्यंत अशी चार माणसं येऊन गेली. काकांना फोन लावला, निळ्या पेननं करून पाठवा म्हटलं. काका म्हणाले, "ह्या घरात पेनच एक आहे. नातू टॅबवर लिहितो."

सहीवरून आठवलं. आपल्याकडे एका कचेरीत मी मराठीत सही केली, तर समोरच्यानं ती उलटी धरून बघितली, सुलटी धरून बघितली आणि विचारलं, हे इंग्लिशमध्ये येत नाही काय? पण तो सीमाप्रश्नाचा विषय आज नको. तो काढला तर आपण १९५६ पासून सुरू करणार, मग महाजन आयोग, मग २००४ चा सुप्रीम कोर्टातला दावा, आणि हॉलच्या वॉचमनला घरी जायचंय.

तर दुकानातल्या पोराला म्हटलं, तूच कर निळी. त्यानं ह्यू-सॅच्युरेशन, म्हणजे रंगाची छटा आणि तीव्रता बदलायची सोय, उघडलं आणि ह्यूची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. सही काळीच. "मालक, सॉफ्टवेअर बिघडलंय." बिघडलं नव्हतं. ह्यू फिरवायला आधी अंगात रंग लागतो, आणि काळ्यात तो नसतोच. मग त्यानं काळा भाग निवडून बादलीनं निळा ओतला. सही निळी झाली, पण कडा दातेरी आणि भोवती राखाडी किनार. माझं म्हणणं इथंच आहे. शाईची रेघ कडेला एकदम संपत नाही, फिकी होत होत कागदात मिसळते. पेन उचललं तिथं पातळ, वळणावर दाट. ही दाट-पातळ चाल जपायची आणि फक्त रंग बदलायचा.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. भराभरा सांगतो.

गिम्प हे चित्रं दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर घ्या, १९९६ पासून फुकट मिळतंय. फोटो नको, ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, स्कॅन करा. लेव्हल्समध्ये पांढरा ड्रॉपर कागदावर टेकवा, म्हणजे पिवळट कागद पांढरा होतो. मग कलर्स मेनूत कलर टू अल्फा (अल्फा म्हणजे पारदर्शकता), रंग पांढरा. कागद नाहीसा होतो, आणि कडेची राखाडी होते अर्धपारदर्शक काळी. सगळी मेख ह्या पायरीत आहे. नंतर लेयरला, म्हणजे चित्राच्या थराला, अल्फाचं कुलूप लावा आणि अख्ख्या लेयरवर निळा ओता. पारदर्शकता हलत नाही, म्हणून दाट तिथं दाट, पातळ तिथं पातळ. निळा मात्र भडक घेऊ नका, लाल २०, हिरवा ४०, निळा १२० असा काहीसा घ्या, नाहीतर सही दुकानाच्या पाटीसारखी दिसते. फाईल पीएनजीच करा, जेपीईजीत पारदर्शकता टिकत नाही.

बँकवाल्यांसाठी. सहीवाल्याची परवानगी लेखी घ्या, काकांची मी घेतली. आणि जिथं हातची सही मागितलीय तिथं हे चित्र चिकटवू नका. २००० च्या आयटी कायद्यातली डिजिटल सही म्हणजेही हे नव्हे, ती गुप्त किल्लीच्या गणितावर चालते.

शेवटचं. लाल शिक्क्यावर काळी सही असेल तर आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा हे तीन चॅनेल, वेगळे करून लाल चॅनेल घ्या. त्यात लाल शिक्का पांढऱ्यात जमा होतो, सही राहते. निळी सही जांभळ्या शिक्क्यात मिसळली असेल तर मात्र माझ्याकडे आणू नका, सहीवाल्यालाच परत बसवा.