लायनरची बैठक आणि गॅस्केटवरचा आळ

मित्रहो, विहिरीवरचे इंजिन तापू लागले, टाकीतल्या पाण्यात बुडबुडे दिसू लागले, की आपण हेडखालचे, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाखालचे, गॅस्केट उडाले असे म्हणतो आणि नवे आणायला तालुक्याला जातो. उमेदवारीच्या काळात मी स्वतः एकाच लिस्टर टाइप इंजिनाला एका हंगामात तीन गॅस्केट बसवली, आणि तिसऱ्या वेळी मालकाने पैसे देताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेमुळेच मी लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती सुटी नळी, उपसून त्याखाली काय आहे ते पाहिले. लायनरची कॉलर, म्हणजे त्याची वरची रुंद कड, ब्लॉकमधल्या ज्या खाचेत टेकते, तिथे एका बाजूला गंजाची खपली घट्ट बसलेली होती. नखाला जेमतेम जाणवावी एवढी तिची जाडी होती, पण तेवढ्याने लायनर तिरका झाला होता.

एवढ्याशा जाडीने काय होते, असे वाटणे साहजिक आहे. या 6 अश्वशक्तीच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 114.3 मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 102 चौरस सेंटिमीटर. ज्वलनाचा दाब चौरस सेंटिमीटरला 50 किलो जरी धरला, तरी हेड वर उचलू पाहणारा जोर पाच टनांच्या घरात जातो, आणि मिनिटाला 650 फेऱ्यांवर, दर दोन फेऱ्यांना एक या हिशेबाने, हा धक्का मिनिटाला 325 वेळा बसतो. हा दाब अडवते ती गॅस्केटची आतली कडी, आणि ती कडी नीट चेपली जावी म्हणून लायनरची कॉलर ब्लॉकच्या माथ्यापेक्षा किंचित वर ठेवलेली असते. बहुतेक छोट्या इंजिनांत हा उठाव 5 ते 10 शतांश मिलिमीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा मात्र त्या त्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्यावा. उठाव कमी पडला तर वायू पाण्यात शिरतो. जास्त झाला तर बाहेरची पाण्याची भोके दाबाविना राहतात, आणि पाना जोरात ओढणाऱ्याच्या हातून कॉलरच तडकते.

मोजताना खालच्या रबर रिंगा काढून ठेवाव्यात, कारण त्या लायनरला वर उचलून धरतात आणि उठाव मोजणारे काट्याचे डायल गेज आपल्याला खोटे सांगते. खाच तारेच्या ब्रशने नव्हे, तर बोथट स्क्रेपरने धातू दिसेपर्यंत साफ करावी, लायनर हाताने घट्ट दाबून बसवावा आणि चार ठिकाणी वाचन घ्यावे. चारही वाचने सारखी, पण उठाव कमी असेल, तर कॉलरखाली तांब्याची अखंड शिम, म्हणजे पातळ कडी, घालावी. कागदाची कधीच नाही, कारण कागद भिजतो आणि दबतो. वाचनांत फरक असेल, तर शिमचे तुकडे घालून तो लपवू नये. खाच आणि कॉलर यांच्यामध्ये निळा रंग लावून टेक कुठे लागते ते पाहावे, थोडाच दोष असेल तर ग्राइंडिंग पेस्टने घासून काढावा, आणि खाच खरोखर खचली असेल तर ब्लॉक सरळ बोरिंगवाल्याकडे न्यावा. तिथे खर्च होतो, पण तो एकदाच होतो.

ब्लॉकचा माथा साफ केल्यावर किंवा वेगळ्या जाडीचे गॅस्केट आणल्यावर पिस्टन आणि हेड यांच्यातली जागा बदलते, हे आपण बरेचदा विसरतो. गजन पिनच्या, म्हणजे पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनच्या, रेषेवर, पिस्टनच्या दोन्ही बाजूंना शिशाच्या तारेचे तुकडे ग्रीसने चिकटवून, हेड कसून, चाक हाताने फिरवावे आणि चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजावी. अंतर कमी निघाले तर ब्लॉकखाली पॅकिंग वाढवावे लागते.

नट समोरासमोरचे, तीन टप्प्यांत कसावेत. इंजिन तापवून, गार करून पुन्हा एकदा पाना फिरवावा, आणि त्यानंतर टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची, फट तपासल्याशिवाय हँडल मारू नये. हेड किंचित खाली बसले की ती फट कमी होते आणि व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही.