10 नंबरची जर्सी

[दृश्य: डीन स्मिथ सेंटर, आतून. रिकाम्या खुर्च्या, मग कॅमेरा वर छताकडे]

अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना राज्यातलं हे चॅपल हिल. गाव उत्तर कॅरोलायना विद्यापीठाचं, म्हणजे इथल्या बोलीत नुसतं ‘कॅरोलायना’चं, आणि विद्यापीठ निदान हिवाळ्यात तरी बास्केटबॉलचं. या डीन स्मिथ सेंटरमध्ये 21,750 माणसं बसतात. 1986 च्या जानेवारीत इथला पहिला सामना झाला तो जेमतेम दहा मैलांवरच्या ड्यूक विद्यापीठाशी. कॅरोलायनानं तो 95-92 असा जिंकला. जवळच्या केरी आणि मॉरिसव्हिलमध्ये मराठी घरं भरपूर आहेत. आकाशी की गडद निळा, म्हणजे कॅरोलायना की ड्यूक, याचा निकाल त्या घरांतली मुलंही शाळेत असतानाच लावून टाकतात.

पण आपल्याला बघायचंय ते वर, छताला.

[दृश्य: टांगलेल्या जर्सींवरून सावकाश जाणारा कॅमेरा]

या जर्सी दोन प्रकारच्या आहेत. बऱ्याचशा नुसत्या मानाच्या. खेळाडूचं नाव वर लागतं, पण त्याचा नंबर पुढच्या मुलांना मिळत राहतो. काही मोजक्या मात्र निवृत्त. तो नंबर कॅरोलायनात पुन्हा कुणाच्याही पाठीवर दिसणार नाही. 23, मायकल जॉर्डन. 52, जेम्स वर्दी. 33, अँटोन जेमिसन. 12, फिल फोर्ड. 20, जॉर्ज ग्लॅमॅक. 50, टायलर हॅन्सब्रो. 10, लेनी रोझनब्लुथ. शिवाय 1920 च्या दशकातला जॅक कॉब, ज्याच्या जर्सीला नंबरच नाही.

जॉर्डनसाठी प्रस्तावना नको. पण ग्लॅमॅक? रोझनब्लुथ? रात्र जागून एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, बघणारी आपली मंडळीही इथे अडखळतील.

नंबर निवृत्त व्हायला इथे एकच दार आहे. कॅरोलायनाकडून खेळताना त्या खेळाडूला देशातला वर्षाचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू हा मान मिळालेला असला पाहिजे. पुढे एनबीएत त्यानं काय केलं, किती कमावलं, विजेतेपदाच्या किती अंगठ्या जिंकल्या, याला त्या नियमात जागाच नाही.

[दृश्य: 15 नंबरच्या जर्सीवर स्थिर]

हा व्हिन्स कार्टर. एनबीएत 22 हंगाम. 2000 सालच्या डंक स्पर्धेतल्या, म्हणजे उडी मारून चेंडू वरून बास्केटमध्ये कोंबण्याच्या स्पर्धेतल्या, त्याच्या उड्या आजही मोबाइलवर फिरतात. 2024 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि त्याच वर्षी टोरंटोच्या संघानं त्याचा 15 नंबर निवृत्त केला. चॅपल हिलमध्ये मात्र त्याची जर्सी मानाच्या जर्सींत आहे, आणि तोच 15 नंबर घालून इथे नंतरही मुलं खेळलीत. कार्टरवर हा अन्याय आहे का? आम्हाला तसं वाटत नाही. दोन वेगळ्या वह्या आहेत, हिशेब ज्या त्या वहीत.

[दृश्य: बास्केटबॉल संग्रहालय. जुने कृष्णधवल फोटो, चेंडू, वर्तमानपत्रांची कात्रणं]

शेजारीच हे कॅरोलायना बास्केटबॉलचं संग्रहालय. इथे आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो ते 1957 पाशी. हे फोटो बघा आणि गोष्ट ऐका. ती जरा लांब आहे, पण घाईत सांगण्यासारखी नाही.

लेनी रोझनब्लुथ न्यूयॉर्कचा. कोच फ्रँक मॅग्वायरही न्यूयॉर्कचे, आणि त्यांनी सामना सुरू करणारे पाचच्या पाच खेळाडू त्याच शहरातून नि आसपासच्या भागातून दक्षिणेत आणलेले. तंबाखूच्या शेतांच्या या राज्यात त्यांचे उच्चारही लोकांना परके वाटायचे. हा संघ त्या हंगामात हरलाच नाही. रोझनब्लुथनं सामन्यामागे सरासरी 28 गुण केले, हंगामात एकूण 895. जिच्या बाहेरून टाकलेल्या चेंडूला दोनऐवजी तीन गुण मिळतात ती तीन गुणांची रेषा तेव्हा आखलेलीच नव्हती, हे लक्षात घेऊन हा आकडा पुन्हा वाचा.

राष्ट्रीय स्पर्धेचे शेवटचे दोन सामने कॅन्सस सिटीत होते. उपांत्य सामना मिशिगन स्टेटशी. बरोबरी, ओव्हरटाइम, पुन्हा बरोबरी, पुन्हा ओव्हरटाइम, आणि मग तिसरा. कॅरोलायना जिंकली, 74-70. दुसऱ्याच रात्री अंतिम सामना. समोर कॅन्सस विद्यापीठ, आणि त्यांच्याकडे सात फुटांहून उंच विल्ट चेंबरलेन, ज्यानं पुढे एनबीएच्या एका सामन्यात एकट्यानं 100 गुण केले.

[दृश्य: चेंबरलेनसमोर जंप बॉलला उभा असलेला टॉमी कर्न्स, फोटो झूम]

या फोटोवर आमचा संकलक हटूनच बसला होता, आणि त्याचं बरोबर होतं. सामना चेंडू वर उडवून सुरू होतो आणि त्यासाठी संघ आपला सगळ्यात उंच गडी पुढे करतो. मॅग्वायरनी पाठवला टॉमी कर्न्स, संघातला बुटका, सहा फुटांपेक्षा कमी. चेंडू मिळणार नाही हे त्यांना ठाऊकच होतं. चेंबरलेनच्या डोक्यात पहिल्याच क्षणी गोंधळ घालायचा होता, बस.

मध्यंतराला कॅरोलायना 29-22 अशी पुढे होती. मग कॅन्ससनं पिछाडी भरून काढली. नियमित वेळ संपायच्या आधीच रोझनब्लुथ पाच फाउल होऊन बाहेर गेला. त्याचे गुण 20. हंगामभर ज्याच्या खांद्यावर संघ उभा होता, तो आता बाकावर. धावफलक 46-46. पहिल्या ओव्हरटाइमनंतर 48-48. दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये एकाही संघाचा एकही गुण नाही! ठरावीक सेकंदांत शॉट घ्यायला लावणारं घड्याळ कॉलेजात नव्हतं तेव्हा. चेंडू हातात धरून वाट बघत बसता यायचं. तिसऱ्या ओव्हरटाइमला सहा सेकंद उरले असताना कॅरोलायना एका गुणानं मागे, आणि फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या विनाअडथळा फेकीच्या, रेषेवर जो क्विग. पहिला आत. दुसराही आत. 54-53. कॅन्ससनं शेवटचा पास चेंबरलेनकडे टाकला, त्याला क्विगचाच हात लागला, चेंडू कर्न्सकडे आला आणि त्यानं तो जीव खाऊन छताकडे भिरकावला. तो खाली येईपर्यंत वेळ संपली होती.

32 सामने, 32 विजय. गंमत म्हणजे अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरवला गेला तो हरलेला चेंबरलेन.

हे सामने चेस्ली नावाच्या एका निर्मात्यानं उत्तर कॅरोलायनातल्या टीव्हीवर दाखवले होते. बास्केटबॉलचं वेड या राज्यात घरोघरी शिरलं ते त्या दोन रात्रींत, असं इथले जुने लोक मानतात.

[दृश्य: रोझनब्लुथचा फोटो, मग 10 नंबरची जर्सी]

आणि एनबीए? फिलाडेल्फिया वॉरियर्सनं रोझनब्लुथला घेतलं. दोन हंगाम, सामन्यामागे सरासरी साधारण चार गुण, विषय संपला. नंतर त्यांनी फ्लोरिडात शाळेत अमेरिकेचा इतिहास शिकवला आणि मुलांचं बास्केटबॉल कोचिंग केलं. उतारवयात ते चॅपल हिलला परत आले, आणि 2022 मध्ये 89 व्या वर्षी गेले.

एनबीएच्या मोठ्या नावांत शोधलं तर हा माणूस सापडत नाही. मग 1957 चं काय करायचं? ती नुसती तालीम होती का? मुंबईचे पद्माकर शिवलकर 589 प्रथम श्रेणी बळी घेऊन एकही कसोटी न खेळता राहिले. शिवाजी पार्कवर उभं राहून त्यांना कुणी अपयशी म्हणून दाखवावं, घरी परतायला उशीर होईल.

[दृश्य: सराव मैदान. फ्री थ्रो टाकणारी मुलं, चेंडूचा आवाज. निवेदन काही क्षण थांबते]

आता 50 नंबर. टायलर हॅन्सब्रो, मिझुरीतल्या पॉप्लर ब्लफ नावाच्या लहान गावातला, सहा फूट नऊ इंच. 2005 ते 2009, चार वर्षं इथे. त्याचा खेळ देखणा होता असं त्याचे चाहतेही म्हणणार नाहीत. बास्केटखाली घुसायचं, धक्के खायचे, फाउल मिळवायचा आणि फ्री थ्रोच्या रेषेवर जाऊन शांतपणे दोन टाकायचे. त्यानं असे 982 फ्री थ्रो बास्केटमध्ये टाकले. कॉलेज बास्केटबॉलच्या इतिहासात त्याच्याआधी कुणीच एवढे टाकले नव्हते. 2007 मध्ये ड्यूकविरुद्ध कोपर बसून त्याचं नाक फुटलं, चेहरा रक्तानं माखला. ते चित्रण आमच्याकडे नाही, पण इथल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, तो हावभावांसकट करून दाखवेल. त्याचं टोपणनाव सायको टी.

2008 मध्ये तो देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. संघ मात्र उपांत्य फेरीत कॅन्ससकडून हरला. एनबीएचं दार उघडं होतं. हॅन्सब्रो गेला नाही, आणखी एक वर्ष राहिला. त्या डिसेंबरात त्यानं फिल फोर्डचा 2,290 गुणांचा तीस वर्षं टिकलेला विक्रम मोडला आणि शेवटी 2,872 वर थांबला. एप्रिल 2009 मध्ये डेट्रॉइटला, सत्तर हजारांवर प्रेक्षकांपुढे, कॅरोलायनानं मिशिगन स्टेटला 89-72 असं हरवून विजेतेपद घेतलं.

ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू आळीपाळीनं निवडतात त्यात, इंडियानानं त्याला तेराव्या क्रमांकावर घेतलं. सात हंगाम, तीन संघ, सरासरी 6.7 गुण, मग चीन.

त्याच 2009 च्या संघात डॅनी ग्रीन होता. ड्राफ्टमध्ये 46 वा, म्हणजे जवळजवळ उरलासुरला. एनबीएत त्यानं तीन विजेतेपदं मिळवली, तीन वेगवेगळ्या संघांकडून: सॅन अँटोनियो, टोरंटो, लॉस एंजेलिस. दोघांत मोठा कोण? चॅपल हिलच्या रस्त्यावर विचारलंत तर उत्तर यायला एक सेकंद लागत नाही. सॅन अँटोनियोत विचारलंत तर तिथेही लागणार नाही.

[दृश्य: मैदानावरच्या तीन गुणांच्या रेषेचा क्लोज-अप, बाजूला मोजपट्टी]

असं का होतं, ते या रेषेवर दिसतं. हॅन्सब्रोच्या शेवटच्या वर्षी कॉलेजची तीन गुणांची रेषा 20 फूट 9 इंचांवर होती, एनबीएची सर्वात लांबची जागा 23 फूट 9 इंचांवर. कॉलेजचा सामना 40 मिनिटांचा, एनबीएचा 48. शॉट घ्यायला तेव्हा कॉलेजात 35 सेकंद मिळायचे, एनबीएत 24. तीन फुटांनी सगळं मैदान ताणलं जातं, अकरा सेकंद कमी झाले की विचार करायला वेळ उरत नाही. सहा फूट नऊ इंचांचा, बास्केटखाली झुंजणारा माणूस इथे पहाड असतो. तिथे समोरचा त्याच्याहून उंच, लांब हातांचा आणि दहा वर्षांचा मुरलेला. तिथला बास्केटबॉल जास्त अवघड, यात वादच नाही. पण अवघड परीक्षेचे गुण आधीच्या परीक्षेच्या निकालावर खोडरबर फिरवत नाहीत.

[दृश्य: काचेमागचं पत्र, अक्षरांवर प्रकाश]

या पत्रापुढे संग्रहालयात सगळ्यात जास्त मोबाइल वर होतात. 1980 साली ड्यूकचे नवे कोच माइक शशेफ्स्की यांनी एका शाळकरी मुलाला लिहिलेलं. तो ड्यूकला येणार नाही म्हणून खंत आणि शुभेच्छा. मुलगा म्हणजे जॉर्डन. दीड वर्षानं, 1982 च्या अंतिम सामन्यात, पहिल्याच वर्षाला असलेल्या या पोरानं जॉर्जटाउनविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत डावीकडून उडी मारून चेंडू टाकला. 63-62. शिकागोकडून खेळताना तो आतून कॅरोलायनाची चड्डी घालायचा, हे तर आता सगळ्या जगाला माहीत आहे. सहा एनबीए विजेतेपदांच्या माणसाला त्या चड्डीची गरज का वाटावी?

[दृश्य: स्टेडियमबाहेरचं दुकान, जर्सी, किमतींच्या चिठ्ठ्या]

पैशाचं एका वाक्यात: ही स्टेडियमं भरणाऱ्या मुलांना शिष्यवृत्तीपलीकडे फारसं काही मिळत नव्हतं, 2021 पासून त्यांना जाहिरातींतून कमावता येऊ लागलं, 2025 पासून विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात, आणि संघ बदलणंही सोपं झाल्यानं चार वर्षं एकाच रंगात काढणारे कमी होत चाललेत.

[दृश्य: 4 नंबरची जर्सी घातलेला लहान मुलगा, दुकानाबाहेर चेंडू आपटताना]

हा 4 नंबर आर. जे. डेव्हिसचा. तो याच रंगात पाच हंगाम खेळला. कोविडमुळे त्या पिढीला एक वर्ष जादा मिळालं होतं. 2,725 गुण, कॅरोलायनाच्या इतिहासात हॅन्सब्रोच्या खालोखाल, फक्त 147 नी मागे. 2025 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये 59 नावांत त्याचं नाव नव्हतं. पण 2024 मध्ये तो आपल्या विभागाचा, एसीसीचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. मानाच्या जर्सीसाठी चॅपल हिलमध्ये तेवढं पुरतं.