गोम्स: बर्फाखालचं खोरं आणि तिथली माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

युरोपच्या नकाशावर ऱ्होन नदी शोधा. फ्रान्समध्ये भूमध्य समुद्राला मिळणारी ही नदी उगमाकडे वर वर जात पाहिलीत, तर स्वित्झर्लंडमध्ये फुर्का खिंडीजवळच्या एका हिमनदीपाशी तुम्ही पोचाल. तिथून खाली, नैऋत्येकडे उतरणारं जे लांबट खोरं आहे, त्याला गोम्स म्हणतात. वॅले कँटनचा, म्हणजे स्वित्झर्लंडच्या वॅले राज्याचा, हा अगदी वरच्या टोकाचा जिल्हा. भाषा जर्मन, तीही या डोंगराळ भागाची खास बोली. धर्म पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक.

जिल्ह्याचं क्षेत्रफळ साधारण ५९० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साडेचार हजारांच्या आसपास. चौरस किलोमीटरमागे सात-आठ माणसं. ही सरासरी मात्र फसवी आहे. कारण यातला मोठा भाग बर्फ, खडक आणि उंच कुरणं यांनी व्यापलेला आहे. उत्तरेच्या सीमेवर ४,२७४ मीटर उंचीचं फिन्स्टरआरहॉर्न शिखर उभं आहे, दक्षिणेला डोंगरापलीकडे इटली. माणसानं राहावं अशी जागा म्हणजे नदीकाठची चिंचोळी पट्टी, आणि तीसुद्धा वरच्या भागात तेराशे-चौदाशे मीटर उंचीवर.

या पट्टीतही घर कुठं बांधायचं हे डोंगरच ठरवतो. हिवाळ्यात हिमकडे कोसळतात, त्यांच्या वाटा ठरलेल्या असतात. त्या वाटा टाळून, शक्यतो ऊन जास्त येणाऱ्या बाजूला गावं वसली. घरं एकमेकांना खेटून बांधली, म्हणजे गवताची जमीन वाचते. हिवाळाभर गुरं गोठ्यात असतात, तेव्हा उन्हाळ्यात साठवलेल्या वाळल्या गवतावरच सगळं चालतं. लार्च झाडाच्या लाकडाची ही घरं उन्हानं काळपट झालेली असतात. धान्याची कोठारं लाकडी खांबांवर उचललेली, आणि प्रत्येक खांबावर एक सपाट गोल दगड, उंदीर वर चढू नयेत म्हणून. ओबरवाल्ड गावाच्या चर्चला मागच्या बाजूनं पाचरीसारखी दगडी भिंत आहे. वरून बर्फ आलाच तर तो दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा, यासाठी ती बांधलेली.

इतकी काळजी घेऊनही घात झालेच. १७२० साली ओबरगेस्टेलन गावावर हिमकडा कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच गावाला १८६८ मध्ये आग लागली. लाकडी घरं राख झाली, आणि गाव पुन्हा उभं राहिलं ते दगडाचं. म्हणून आजही या खोऱ्यात ते वेगळं दिसतं. फेब्रुवारी १९७० मध्ये रेकिंगन इथं हिमकड्याखाली तीस जण दगावले. हे आकडे मी मुद्दाम सांगतो आहे. चारशे-पाचशे वस्तीच्या गावात तीस माणसं एका पहाटे जाणं म्हणजे काय, याचा विचार करून पाहा.

इथून माणसं बाहेर पडत राहिली, याचं आश्चर्य वाटू नये. तेराव्या शतकात आणि त्यानंतर वरच्या वॅलेतले शेतकरी खिंडी ओलांडून निघाले आणि इतरांनी सोडून दिलेल्या उंच जागांवर वसले. त्यांना वाल्सर म्हणतात. दाव्होसचा परिसर, इटलीतल्या काही दऱ्या, ऑस्ट्रियाचा फोरार्लबेर्ग, इतक्या दूरवर त्यांची बोली पोचली. इटालियन भाषिक तिचिनो कँटनमधलं बोस्को गुरिन हे गाव आजही त्यांची जर्मन बोली जपून आहे. एकोणिसाव्या शतकात वाट आणखी लांबली. वरच्या वॅलेतली कुटुंबं अर्जेंटिनात गेली आणि सांता फे प्रांतातल्या सान जेरोनिमो नॉर्ते इथं वसली. मागे राहिलेल्यांच्या जमिनीचे भाऊवाटणीत तुकडे होत गेले. घरंही वाटली जायची, एका भावाला खालचा मजला, दुसऱ्याला वरचा.

याच खोऱ्यातल्या नीडरवाल्ड गावात १८५० साली एका शेतकऱ्याच्या घरी तेरावं अपत्य जन्मलं. त्याचं नाव सेझार रिट्झ. हॉटेलात पडेल ते काम करत तो पुढं गेला आणि १८९८ मध्ये त्यानं पॅरिसमध्ये स्वतःच्या नावाचं हॉटेल उघडलं. ऐश्वर्याला ज्याचं नाव जोडलं गेलं, त्या माणसाला जगवायला त्याचं गाव पुरेसं नव्हतं. मला हे गोम्सच्या लोकसंख्येचं सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं.

आता आजचं गोम्स. १९८२ मध्ये फुर्का डोंगराखालून १५ किलोमीटरहून लांब रेल्वे बोगदा सुरू झाला आणि हिवाळ्यातही पूर्वेकडची वाट खुली राहू लागली. त्याआधी खिंडीवरची रेल्वे बर्फ पडला की बंद व्हायची. हिवाळ्यात सपाट खोऱ्यात लांब पल्ल्याचं स्कीइंग करायला लोक येतात. बिन नावाची बाजूची दरी दुर्मीळ खनिजांसाठी जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. एर्नेन गावात उन्हाळ्यात शास्त्रीय संगीताचे कार्यक्रम होतात.

पण कायमची वस्ती विरळच राहिली, आणि छोट्या गावांना स्वतंत्र कारभार झेपेना. २००९ मध्ये वरच्या टोकाची तीन गावं एकत्र येऊन ओबरगोम्स ही नगरपालिका झाली. २०१७ मध्ये मधल्या पट्ट्यातल्या गावांनीही तसंच केलं आणि जिल्ह्याचंच गोम्स हे नाव घेतलं. जिल्ह्यात आता आठ नगरपालिका उरल्या आहेत.

दुसरा प्रश्न बंद घरांचा. सुट्टीपुरती उघडणारी घरं आल्प्समध्ये इतकी वाढली, की मार्च २०१२ मध्ये स्विस मतदारांनी देशभर मर्यादा घातली. नगरपालिकेतल्या एकूण घरांपैकी अशी घरं वीस टक्क्यांच्या वर गेली, की नव्यांना सहसा परवानगी नाही. वॅलेमध्ये त्या प्रस्तावाला जोरदार विरोध झाला होता, कारण बांधकामावर अनेकांची पोटं आहेत. तो विरोध मला समजतो. तरीही, जिथं बांधण्याजोगी जमीन डोंगरानं आधीच इतकी थोडी ठेवली आहे, तिथं ती आधी बारा महिने राहणाऱ्यांना मिळावी, असंच मी म्हणेन.

नमस्कार.