बकलावरचं नाव

(दृश्य: मेलबर्न, पारितोषिक समारंभ)

डिसेंबर २०२०. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत पहिल्या डावात ११२ करणाऱ्या अजिंक्य रहाणेला सामनावीराचं हे पदक मिळालं. आपल्याकडे चर्चा झाली ती शतकाची आणि विजयाची. पदक मात्र नीट बघा. हे कमरपट्ट्याचं बकल आहे. १८६८ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या ऑस्ट्रेलियन आदिवासी संघाच्या पट्ट्याला असंच बकल होतं. पदक ज्याच्या नावाचं आहे, तो जॉनी मुलाघ त्या संघाचा कणा.

(दृश्य: हॅरोची माळरानं, मेंढ्या)

जार्डवाजली या आदिवासी लोकांत मुलाघचं नाव उनारिमिन. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांताच्या पश्चिमेला, हॅरो गावाच्या आसपासच्या मेंढ्यांच्या मळ्यांवर त्याच्यासारखी आदिवासी पोरं राबायची आणि गोऱ्या मालकांच्या संगतीत क्रिकेट खेळायची. १८६६ च्या हंगामात क्रिकेटपटू टॉम विल्सने त्यांना तयार केलं. २६ डिसेंबरला संघ मेलबर्नच्या याच मैदानावर उतरला. प्रेक्षक १०,००० च्या घरात.

(दृश्य: संघाचा जुना फोटो, मग ओव्हल)

फेब्रुवारी १८६८ मध्ये सिडनीहून जहाज सुटलं, मे उजाडला तेव्हा इंग्लंडचा किनारा दिसला. पुढे ४७ सामने. खेळ संपला की बूमरँग आणि भालेफेक. तिकीट काढून आलेल्यांना तेही हवं असायचं.

मुलाघचे आकडे वाचताना दम लागतो. धावा १,६९८. बळी २४५. षटकं १,८७७, त्यातली ८३१ निर्धाव. षटक तेव्हा चार चेंडूंचं, हे खरं. पण एवढी गोलंदाजी करून हा गडी फलंदाजीतही सगळ्यांच्या पुढे होता, आणि गरज पडली तर यष्टींमागेही उभा राहायचा. लॉर्ड्सवर त्याने ७५ काढल्या.

संघ मायदेशी परतला. १८६९ मध्ये व्हिक्टोरियात कायदा झाला, आदिवासींनी कुठे राहायचं, कुठे काम करायचं हे सरकार ठरवू लागलं.

(दृश्य: धावफलक)

इंग्लंडमधला एकही सामना प्रथम श्रेणीचा धरला जात नाही. प्रथम श्रेणीच्या नोंदीत मुलाघचा एकच सामना आहे: १८७९, व्हिक्टोरियाकडून, लॉर्ड हॅरिसच्या इंग्लिश संघाविरुद्ध. ४ आणि ३६. दुसऱ्या डावात संघातल्या सर्वाधिक धावा त्याच्याच, तेव्हा वय ३७ च्या आसपास. तरी पुन्हा बोलावणं आलं नाही. हॅरोच्या क्लबाकडून मात्र तो खेळत राहिला.

ऑगस्ट १८९१ मध्ये मुलाघ गेला. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागायला २०२० साल उजाडलं.