खजुराखाली बसलेली बाई

नाणं तळहातावर घेतलं की आधी जाणवतं ते वजन. साधारण 25 ग्रॅम. याचं नाव सेस्टर्शियस. रोमच्या ब्राँझ नाण्यांत याची गणना होते, पण धातू खरं तर पितळ आहे, तांबं आणि जस्त. टांकसाळीतून निघालं तेव्हा ते पिवळंधमक असणार. हा हिरवट रंग नंतर चढला, मातीत पडून पडून.

छाप्यावर सम्राट व्हेस्पासियन. जाड मान, कपाळाला आठ्या, विरळ केसांवर पानांचा मुकुट. साल इसवी सन 71.

आता काटा बघूया. मधोमध खजुराचं झाड. एका बाजूला भाला घेऊन उभा सम्राट. दुसऱ्या बाजूला, झाडाच्या बुंध्याशी, जमिनीवर बसलेली एक बाई. मान खाली, डोकं हातावर टेकलेलं. भोवती अक्षरं आहेत: जुडिया जिंकला. जुडिया म्हणजे ज्यूंचा मुलूख, जेरुसलेमच्या भोवतीचा. आदल्याच वर्षी व्हेस्पासियनच्या मुलाने, टायटसने, जेरुसलेम घेतलं होतं आणि तिथलं मंदिर जळून गेलं होतं. या बाईला नाव नाही. ती म्हणजे तो अख्खा मुलूख.

तिच्यापाशी जरा थांबा. आकृती केवढी, तर नखाएवढी. तीही ठशात उलटी कोरायची. सम्राट नुसता ताठ उभा आहे. विजयाचं चित्र कोरायला बसलेल्या त्या कारागिराचा जीव, मला वाटतं, या हरलेल्या बाईच्या वाकलेल्या खांद्यात गुंतला.

मंदिर होतं तेव्हा ज्यू पुरुष त्याच्यासाठी वर्षाला अर्धा शेकेल देत. मंदिर गेलं, कर राहिला. आता तो रोममधल्या ज्युपिटरच्या देवळासाठी, आणि बायका-मुलांकडूनही. माणशी दोन दिनार. म्हणजे असली आठ नाणी, दरवर्षी.

पुढे व्हेस्पासियनचा धाकटा मुलगा, सम्राट डोमिशियन, याच्या काळात वसुली फार निर्दय झाली. रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहून ठेवलंय की एका नव्वदीच्या म्हाताऱ्याची सुंता झाली आहे का, म्हणजे तो ज्यू आहे का, हे भरगच्च कचेरीत तपासलं गेलं. तरुणपणी सुएटोनियसने ते स्वतः पाहिलं होतं.

96 साली नर्व्हा सम्राट झाला. त्याच्या सेस्टर्शियसवर तेच खजुराचं झाड आहे. खाली बाई नाही. ज्यू कराच्या नावाखाली होणारा खोट्या आरोपांचा जाच आम्ही काढून टाकला, असं तिथली अक्षरं सांगतात. जाच काढला, कर नाही. तो चालूच राहिला.

आणि मग 132. जुडियात रोमविरुद्ध ज्यूंचं बंड पेटलं, त्यांचा पुढारी बार कोखबा. बंडवाल्यांनी चलनातली रोमन नाणी गोळा केली, त्यांवरच घाव घालून आपला छाप उठवला. त्यांच्या ब्राँझवरही खजुराचं झाड आहे, सात झावळ्यांचं, ताठ. त्यांची काही नाणी उजेडात तिरकी धरली, तर नव्या छापाखाली जुन्या सम्राटाच्या चेहऱ्याची पुसट रेघ अजून दिसते.