उपाशीपोटी म्हणजे काय?

नमस्कार श्रोतेहो.

हाडं ठिसूळ होण्याच्या आजारावर, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसवर, आज चांगली औषधं आहेत. तरीही ती मध्येच सोडून देणारे पेशंट मला ठाण्यात सतत भेटतात. त्यांना बोल लावण्याआधी आपण त्यांच्याशी काय बोललो होतो ते आठवा, असं मी नर्सेसना, फिजिओथेरपिस्टना आणि नव्या डॉक्टरांना शिकवताना सांगतो. आणि दरवेळी नौपाड्यातल्या एका काकूंची गोष्ट सांगतो. आज तुम्हालाही सांगतो.

काकूंचं वय ६८. बाथरूममध्ये पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. आता नव्या इमारतींत बाथरूमला इतकी गुळगुळीत फरशी का बसवतात, याचा मला मनापासून राग येतो. घर बघायला गेल्यावर आपण ओट्यावरून हात फिरवतो ना, तसं बाथरूमच्या फरशीवर ओलं पाऊल टाकून बघायला हवं. असो.

काकूंची डेक्सा तपासणी केली, म्हणजे हाडांची घनता मोजली. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी माणसाच्या तुलनेत हाडांची घनता सांगणारा आकडा, आला उणे ३. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. मी आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी लिहून दिली आणि म्हटलं, "काकू, उपाशीपोटी घ्यायची हं. समजलं?" काकू म्हणाल्या, "हो." मी पुढच्या पेशंटला बोलावलं.

तीन महिन्यांनी काकू आल्या. गोळी बंद केली होती. छातीत जळजळ व्हायची म्हणाल्या. मी दुसरं औषध लिहायला घेतलं, तेवढ्यात आमच्या एक सिस्टर स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसल्या. "काकू, गोळीच्या दिवशी उठल्यापासून काय काय करायचात, सांगा ना मला."

काकू म्हणाल्या, "गुरुवारी घ्यायचे. गुरुवारी माझा उपासच असतो, म्हणजे उपाशीपोटीच झालं की! साडेपाचला उठायचं, चहा टाकायचा, चहाच्या घोटाबरोबर गोळी घ्यायची. पाणी सातला येतं, तोवर परत जरा आडवं व्हायचं."

श्रोतेहो, काकूंनी माझा शब्दही मोडला नव्हता. "काही खाल्लं नाही, नुसता चहा घेतलाय," असं आपण सगळेच म्हणतो. आपल्या घरात चहा प्यायलेला माणूस उपाशीच असतो! पण ही गोळी चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, आणि लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेला टोचते. जळजळ होणारच.

सिस्टरांनी आणखी एक विचारलं, "बाकी काही बदललं का हो?" काकूंचे डोळे भरून आले. "नातवाला उचलत नाही आता. तलावपाळीवर फिरायला जात नाही. तपासणीच्या ठिकाणी कुणीतरी म्हणालं, हाडं काचेसारखी झालीत."

काच! या एका शब्दापायी काकू तीन महिने खुर्चीत बसून होत्या. चालणं सुटलं की पायांतली ताकद जाते, तोल जातो, माणूस पुन्हा पडतो.

म्हणून आमच्या शिकवणीत "समजलं का?" हा प्रश्न बंद आहे. त्याला उत्तर एकच, "हो." त्याऐवजी म्हणायचं, "मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. उद्या गोळी कशी घ्याल, मला सांगा बरं." एक नर्स पेशंट होऊन बसते, दुसरी विचारते. पहिल्या दिवशी सगळ्या लाजतात. गुडघ्याची झीज वेगळी आणि हाडांचा ठिसूळपणा वेगळा, हेही दोन वाक्यांत सांगायचा सराव करून घेतो, कारण घरोघरी दोन्हीला "झीज"च म्हणतात. याच आजारावर दर सहा महिन्यांनी घ्यायच्या डेनोसुमॅबच्या इंजेक्शनबद्दल तर बजावूनच सांगायला लावतो: ते परस्पर सोडलं तर मणके मोडायचा धोका वाढतो. आणि माझं ठाम मत आहे, औषधाच्या चिठ्ठीवर गोळी कशी घ्यायची ते मराठीत लिहिलेलं असावं. "ओडी" म्हणजे दिवसातून एकदा, "बीडी" म्हणजे दोनदा, हे कुणाच्या आजीला वाचता येतं?

तुमच्या घरात कुणी ही आठवड्याची गोळी घेत असेल तर पुन्हा सांगतो. सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी. साधं पाणी, पेलाभर. मग किमान अर्धा तास ताठ राहायचं, बसा नाहीतर उभे राहा, पण आडवं व्हायचं नाही. त्या अर्ध्या तासात चहा नाही, दूध नाही, कॅल्शियमची गोळीसुद्धा नाही. साधं पाणी, पेलाभर, अर्धा तास ताठ.

काकूंनी गोळीचा वार बदलून रविवार केला आहे. गोळी घेतली की त्या गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालतात. त्या दिवशी चहा काका करतात, आणि मग दोघं तलावपाळीला एक फेरी मारून येतात.

नमस्कार.