अंगणातला वाटा

(बेलापूर, सेक्टर ८. पहाट. नळाखाली बादली भरण्याचा आवाज.)

पालक कापायचा तो ऊन अंगावर येण्याआधी. उन्हात कापलेली जुडी तासाभरात मान टाकते. म्हणून शनिवारी साडेसहालाच मावशी विळा घेऊन वाफ्यात बसतात. जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापतात, म्हणजे तोच पालक पुन्हा फुटतो. जुडी बांधायला केळीच्या सोपाची दोरी. "रात्री भिजत घातली की तुटत नाही," एवढं सांगून त्या पुढे सरकतात.

हा वाफा ज्या अंगणात आहे, ते अंगण मावशींचं नाही. मावशी आणि त्यांची भाची दुसऱ्यांच्या अंगणांत भाजी पिकवतात आणि आगाऊ पैसे भरलेल्या घरांना दर शनिवारी तिचा वाटा देतात. मालकीणबाई अजून झोपल्यात.

(आर्टिस्ट व्हिलेजच्या गल्ल्या. मागे पारसिकचा डोंगर.)

ही वस्ती नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात आखली. ४५ ते ७५ चौरस मीटरचे भूखंड, सातेक घरांच्या मधोमध आठ मीटर लांबरुंद चौक आणि प्रत्येक घराला स्वतःचं उघडं अंगण. शेजाऱ्याशी भिंत सामाईक ठेवली नाही, कारण कुटुंब वाढलं की घरही वाढवता यावं. मग घरं वाढली. चांगलीच वाढली. उतरत्या छपरांच्या जागी कित्येक ठिकाणी मजल्यावर मजले चढले आणि शेजारच्या अंगणातलं ऊन आखडलं. आर्किटेक्चरचे विद्यार्थी वह्या घेऊन इथे येतात, घरं बघतात. मावशी आणि त्यांची भाची आल्या त्या ऊन बघायला. पहिला आठवडाभर दोघींनी घड्याळ लावून टिपून ठेवलं, कुठल्या अंगणात ऊन कधी येतं आणि कधी जातं.

सहा तास ऊन असेल तिथे भेंडी, वांगी, शिराळी. चारेक तास असेल तर माठ, मेथी, पालक. आणि जिथे ऊन नुसतं डोकावून जातं, मोरीचं पाणी मागे मुरतं, तिथे अळू. कोकणात न्हाणीमागे अळू का असतो, ते इथे नीट कळतं.

(वहीचं पान. चौदा आडनावं, पुढे बरोबरच्या खुणा.)

पाच अंगणं, चौदा वाटेकरी. घटस्थापनेच्या आठवड्यात प्रत्येकाने वीस शनिवारांचे चार हजार रुपये आगाऊ द्यायचे. त्यातूनच बी, शेणखत आणि पाइप येतो. अंगण देणाऱ्या घराला भाडं मिळत नाही, त्याला एक वाटा फुकट. पाणी मात्र त्याचं. आणि वाट्यात काय येईल ते अंगण ठरवणार. भेंडीला कीड लागली तर भेंडी कोणालाच नाही. पैसे परत नाहीत.

हे ऐकून एक गृहस्थ म्हणाले, "मग वाशीच्या मार्केटमधूनच घेतो की!" त्यांचंही खरं आहे. तिथे नाशिक-पुण्याकडून रात्रभर ट्रक येतात, मेथीचे ढीग लागतात, हवी ती भाजी हवी तेव्हा मिळते. पण भाव पडला की तोटा ज्याने पिकवलं त्याच्या एकट्याच्या माथी. तो तोटा खाणाऱ्यांनीही वाटून घ्यायचा, हे या पद्धतीचं मूळ. जपानमध्ये १९७०च्या दशकात शेतकरी आणि शहरातल्या गृहिणींनी असा थेट व्यवहार सुरू केला, त्याला तिथे 'तेइकेइ' म्हणतात. अमेरिकेत १९८६मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांनी हंगामाचा खर्च खाणाऱ्यांनी आधीच वाटून घ्यायची पद्धत सुरू केली. पुढे तिथल्या शहरांत लोकांनी घरामागचे तुकडेही अशा शेतीला दिले. बेलापुरात एवढा इतिहास कोणी विचारत नाही. "कोथिंबीर आहे का?" असं विचारतात.

(पहार जमिनीवर आपटते. खण्ण.)

डोंगराच्या पायथ्याची जमीन. वीतभर खाली मुरूम. म्हणून वाफे जमिनीवरच रचलेत, विटांचे दोन थर लावून. आत रसवंतीवरून आणलेलं उसाचं चिपाड, वाळका पाला आणि वर थोडी माती. श्रीपाद दाभोलकरांच्या, शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांच्या 'प्रयोग परिवारा'च्या वाटेने आलेली ही रीत. तिच्याबरोबर आलं अमृतजल: दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ. तीन दिवस रोज ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून वाफ्यात ओतायचं. त्या तीन दिवसांत शेजाऱ्यांशी संबंध जरा जपावे लागतात.

पहिल्या वर्षी सगळ्या अंगणांत लाल माठ एकाच दिवशी पेरला. महिन्याने एका शनिवारी घरटी चार-चार जुड्या. पुढचे दोन शनिवार वही कोरी. आता एका अंगणानंतर आठवड्याने दुसरं अंगण पेरतात.

(रात्र. टॉर्चचा गोल. ओल्या भिंतीवर गोगलगाय.)

पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला की या निघतात. मुठीएवढ्या आफ्रिकन गोगलगायी. एका रात्रीत रोपांचा वाफा साफ. उपाय एकच: रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. भाचीला हे काम अजिबात आवडत नाही. तरी तिच्याच बादलीत जास्त असतात.

पण गोगलगायीपेक्षा कुलूप वाईट. दिवाळीत एक घर गावी गेलं, फाटकाला कुलूप घालून. किल्ली द्यायची राहिली. चार दिवस पाणी नाही, मेथी गेली. तेव्हापासून किल्ल्यांचा जुडगा मावशींच्या कमरेला असतो. अंगणं आधी सहा होती. सहाव्यात आता दुसरी गाडी उभी राहते. त्यांनी आधी सांगितलं होतं, हंगाम संपेपर्यंत थांबलेही. तक्रार करायला जागा नाही.

(चौक. साडेआठ. ओल्या गोणपाटावर जुड्या. एक आजी पिशवी उघडून उभ्या.)

"आज काय गं?"

"मुळा, लाल माठ, अळू."

"परत अळू?"

मावशी काही बोलत नाहीत. कागदाची एक पुडी आजींच्या पिशवीत सारतात. चिंच आहे. ती वाट्यात धरलेली नाही.